तुम्ही चुकीच्या नियमांवर हसताय

गोल्फचा विषय निघाला की लोक ठरलेल्या दोन-चार नियमांवर हसतात. थुंकीचा नियम, कोळ्याच्या जाळ्याचा नियम, अर्धवट खाल्लेल्या फळाचा नियम. हे सगळे खरंच नियमांत आणि त्यांच्या स्पष्टीकरणांत आहेत, कुणी थट्टेने रचलेले नाहीत. पण माझं स्पष्ट मत आहे की हे हास्यास्पद दिसणारे नियम बहुतेक शहाणे आहेत, आणि ज्यांच्यावर कुणी हसत नाही त्यातलेच एक-दोन अन्यायाचे आहेत.

आधी आमच्या मैदानाबद्दल. मैदान कसलं, देवगड तालुक्यातल्या आमच्या घरामागचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं मोकळं पठार. आखातात नोकरीला होतो तेव्हा वाळूतलं गोल्फ शिकलो. तिथे ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, जागी तेल मारून दाबलेली वाळू, तिला ब्राउन म्हणायचे, आणि प्रत्येकाकडे कृत्रिम गवताच्या चटईचा एक तुकडा. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावर, बॉल त्या तुकड्यावर ठेवून मारायचा. गावी परतल्यावर तोच तुकडा घेऊन कातळावर सुरू केलं. चुलतभाऊ बोटीवर होता, त्यालाही हा नाद. आपल्या सड्यावर कातळशिल्पं नाहीत ना, याची खात्री आधी करून घेतली. असती तर तिकडे फिरकलो नसतो. पावसाळ्यात सगळं बंद. तात्पुरतं पाणी साचलं असेल तर दंड न घेता बॉल बाहेर काढून जवळच्या कोरड्या जागी टाकता येतो असा नियम आहे, पण जुलैत आमच्याकडे ती कोरडी जागा बहुधा शेजारच्याच्या काजूत निघेल.

तर फळं. झाडावरून सुटलेलं फळ हा सुटा अडथळा, म्हणजे दंड न घेता उचलून बाजूला ठेवायचा. माकडाने अर्धवट खाऊन टाकलेलं असो, नुसती साल असो, झाड मैदानाबाहेरचं असो, काही फरक नाही. मात्र तेच फळ खेळाडूच्या हातात असेल तर ते त्याचं सामान. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे कोयी, साली, वानरांनी उष्टावलेले आंबे हे सगळं बॉलच्या आसपास असतंच, तेव्हा या नियमाची थट्टा इथे कुणाला सुचत नाही. थुंकी म्हणजे तात्पुरतं पाणी की सुटा अडथळा, हे खेळाडूने ठरवायचं. ज्याने हे लिहून ठेवलं त्याने आपल्याकडचा एसटी स्टँड नक्की पाहिला असणार.

कोळ्याचं जाळं दोन फांद्यांना चिकटलेलं असलं तरी सुटा अडथळाच धरायचं. मुंग्यांनी उभारलेला मातीचा ढिगारासुद्धा. या न्यायाने वारूळही हलवता येईल, पण ते आम्ही हलवत नाही. नागपंचमीला घरातल्या बायका तिथे दूध ठेवतात. आमचा स्थानिक नियम असा की बॉल वारुळाशी गेला तर नमस्कार करून दुसरीकडे टाकायचा.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. माडाचं गळून पडलेलं चुडत, म्हणजे झावळी, बॉलजवळ असेल तर ते सुटा अडथळा. उचलताना बॉल हलला तर एक स्ट्रोक दंड, म्हणजे एक फटका वाढला (कमी फटक्यांवाला जिंकतो), आणि बॉल परत जागेवर. पण तेच चुडत चिरून, विणून त्याचा झाप केला की ती माणसाने बनवलेली वस्तू झाली. झाप उचलताना बॉल हलला तर दंड नाही, बॉल नुसता जागेवर ठेवायचा. ज्यांच्या कातळावर आम्ही खेळतो ते काका गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून आमचा खेळ बघत असतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "चुडात काढलंस तर दंड नि झाप काढलंस तर नाय? दोनय माडाचेच मां?" नियमपुस्तकात उदाहरण लाकडाच्या ओंडक्याचं आणि त्याच्या बाकाचं आहे, पण काकांचा प्रश्न तिथेही लागू पडतोच.

सापाच्या बाबतीत नियम समजूतदार आहे. बॉलपाशी फुरसं बसलं असेल तर दंड न घेता सुरक्षित जागी बॉल टाकता येतो. आमच्या जांभ्याच्या सड्यावर हा पुस्तकी नियम नव्हे, गरज आहे. पण सवलत फक्त प्राण्यांसाठी. काटेरी निवडुंग असेल तर नियम म्हणतो, नशीब तुमचं. म्हणजे खाजकुयलीतही तेच. ज्याच्या अंगाला खाजकुयली लागली आहे त्याने हा नियम केला नसता.

आता सगळ्यात जास्त शिव्या खाणारा नियम. फेअरवेच्या मधोमध सुंदर फटका मारला आणि बॉल जाऊन बसला आधीच्या कुणाच्या तरी काठीने उखडलेल्या खड्ड्यात, डिव्हॉटमध्ये. तिथूनच मारायचा. जगभर लोक म्हणतात हा नियम बदला. मी म्हणतो, राहू द्या. सूट दिली की डिव्हॉट कुठे संपतो, अर्धा भरलेला खड्डा डिव्हॉट की नाही, यावर प्रत्येक फटक्याला पंचायत बसेल. १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथच्या गोल्फर मंडळींनी १३ नियम लिहिले, त्यातही होतं की बॉल माणसाने, घोड्याने किंवा कुत्र्याने अडवला तर जिथे थांबेल तिथून खेळा. आमच्याकडे घोड्याऐवजी म्हैस, एवढाच फरक. चुलतभाऊ यावर म्हणतो, "तू आधी ती चटई खाली ठेव, मग माका शिकव." माझ्याकडे उत्तर आहे, त्याला पटत नाही.

आउट ऑफ बाउंड्सचा, म्हणजे हद्दीबाहेर गेलेल्या बॉलचा, नियम मात्र मलाही खटकतो. बॉल पाण्यात बुडाला तर एक स्ट्रोक दंड आणि पाण्याच्या जवळपास बॉल टाकून पुढे चला. पण गडग्यापलीकडे वीतभर गेला, डोळ्यांना दिसतोय, तरी एक स्ट्रोक दंड, आणि शिवाय मूळ जागी परत जाऊन मारा. म्हणजे बुडालेल्यापेक्षा दिसणाऱ्याला शिक्षा जास्त. २०१९ पासून क्लबांना पर्यायी स्थानिक नियम ठेवायची मुभा आहे: दोन स्ट्रोक घ्या आणि फेअरवेकडेला बॉल टाका. व्यावसायिक खेळाडूंसाठी तो नाही, आम्ही तो आनंदाने घेतला. त्याच साली बॉल शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली. आम्ही तीन मिनिटांनी बॉल हरवला म्हणून मान्य करतो आणि मग संध्याकाळपर्यंत शोधतो. बॉल फुकट येत नाहीत.

पण खरा राग मला स्कोअरकार्डच्या, म्हणजे प्रत्येक होलचे फटके लिहिलेल्या कार्डाच्या, सहीचा आहे. १४ एप्रिल १९६८, अमेरिकेतलं ऑगस्टा, मास्टर्स या मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विचेन्झोचा त्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलवर त्याने तीन फटके मारले, टीव्हीवर लोकांनी पाहिले. सोबतचा टॉमी आरन त्याचं कार्ड लिहीत होता, त्याने चार लिहिले. दे विचेन्झोने न बघता सही केली. जास्त आकड्यावर सही झाली तर जास्तच धरायचा, हा नियम. त्या दिवसाच्या ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोलबी एका स्ट्रोकने जिंकला. नाहीतर बरोबरी होती, ती फोडायला जादा खेळ, म्हणजे प्लेऑफ, झाला असता. आकडा कमी लिहून सही केली तर थेट बाद. २०२४ मध्ये अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा मैदानावर असाच बाद झाला, चाराच्या जागी कार्डावर तीन होते. गंमत म्हणजे बेरीज चुकली तर खेळाडूला काहीही होत नाही. बेरीज समितीने करायची. एका होलचा आकडा चुकला की मात्र सगळं गेलं.

याचं समर्थन सगळे एकच देतात: गोल्फमध्ये पंच सोबत फिरत नाही, खेळाडूच स्वतःचा पंच, म्हणून सहीला किंमत. हे मला मान्य आहे, पण ते आमच्या सड्यापुरतं. तिथे खरंच कुणी बघत नाही. गडग्यावर टेकून चुलतभाऊ घामेजल्या हाताने पेन्सिलीने आकडा लिहितो आणि मी तो वाचून सही करतो, तेव्हा त्या सहीला अर्थ असतो. जिथे प्रत्येक फटका कॅमेऱ्यात आणि संगणकात नोंदला जातो तिथे कार्डाची चूक दुरुस्त करा आणि पुढे चला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या लेक्सी थॉम्पसनला एका स्पर्धेत एका प्रेक्षकाच्या ईमेलवरून चार स्ट्रोकचा दंड झाला. दोन स्ट्रोक बॉल किंचित चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल, आणि दोन स्ट्रोक आदल्या दिवशी चुकीच्या कार्डावर सही केल्याबद्दल, जेव्हा त्या दंडाची तिला कल्पनाच नव्हती. प्लेऑफमध्ये ती हरली. त्यानंतर प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं थांबलं आणि नकळत झालेल्या अशा चुकीचा तो जादा दंडही गेला. म्हणजे बदल करता येतो.

करतातही. अमेरिकेच्या रिकी फाउलरचं बघा. २०१९ च्या फेब्रुवारीत फीनिक्सच्या स्पर्धेत दंड घेऊन टाकलेला त्याचा बॉल थांबला होता, तो पुढे ग्रीन बघायला गेला आणि बॉल आपोआप घरंगळून पाण्यात. वर आणखी एक स्ट्रोक. तरी तो जिंकला. २०२३ च्या सुधारणेत हे बदललं. आता बॉल परत जागेवर ठेवायचा, दंड नाही. उतरत्या कातळावर खेळणाऱ्या आम्हाला या सुधारणेचा जगात सर्वांत जास्त फायदा झाला असेल.

आमच्यात सध्या वाद आहे तो वानरांचा. थांबलेला बॉल जनावराने नेला तर दंड नाही, दुसरा बॉल मूळ जागी ठेवायचा. पण तसं घडलं याची किमान ९५ टक्के खात्री हवी, असं नियम म्हणतो, नाहीतर हरवलेला बॉल. आमच्या चुलतभावाचा एकही बॉल हल्ली हरवत नाही, सगळे वानरं नेतात. फांदी हलली की त्याची ९५ टक्के खात्री झालेली असते. माझं म्हणणं, वानर दिसलं पाहिजे, हातात बॉल दिसला पाहिजे. काकांना पंच नेमलं तर ते म्हणतात, वानर पाच टक्केच नेतात, बाकीचे तुमी बागेत मारतास. देवगडकडे कुणी खेळणारे असतील तर आपापला स्थानिक नियम खाली लिहा.