थोडी टेप राहिली असेल

शेजारच्या काकांनी माझी गाडी दुरुस्त केली, अशी बातमी सध्या आमच्या इमारतीत फिरते आहे. जिन्यात भेटणारे लोक 'सुटलास बाबा एकदाचा' अशा नजरेने माझ्याकडे बघतात. काकांनी त्या गाडीसाठी केलं काय, तर पांढऱ्या टेपचे वेढे दिले. तेही मी लगेच सोडवून फेकून दिले.

गाडी जुनी. तिचं कार्ब्युरेटरचं इंजिन काढून मी इंजेक्शनचं इंजिन बसवतोय. इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, वायरिंगने रडवलं (तो विषय आज नको), राहिलं पेट्रोल. कार्ब्युरेटरला ४ ते ७ पीएसआय (दाबाचं माप) एवढा दाब पुरतो. इंजेक्शनला साधारण ४३.५ लागतो, म्हणजे ३ बार, काही इंजिनांना ५८. त्यामुळे जुना पंप, जुनी नळी, जुन्या क्लिपा सगळं बाद, आणि शिवाय दाब ठरलेल्या आकड्यावर धरणारा रेग्युलेटर हवा.

मी आणलेल्या रेग्युलेटरच्या खोक्यावर 'सर्व गाड्यांसाठी' असं छापलेलं होतं. आत नळी जोडायची फिटिंग नव्हती आणि दाब दाखवणारा गेजही नव्हता, म्हणजे तो तसा कुठल्याच गाडीसाठी नव्हता. इनलेटला ओ-रिंगवाले सरळ आटे, गेजच्या भोकाला निमुळते आटे, आणि नळीच्या टोकाला ३७ अंशांचा फ्लेअर, म्हणजे त्या कोनात तिरकं केलेलं तोंड. ओ-रिंगला तेलाचं बोट लावायचं, निमुळत्या आट्यांना सीलंट, आणि फ्लेअरला काहीच लावायचं नाही. फ्लेअरमध्ये आटे फक्त आवळून धरतात, पेट्रोल अडतं ते कोनावर कोन घट्ट बसतो म्हणून. एवढ्याशा ठोकळ्यावर तीन कायदे कुणी केले, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. त्यात दुकानदाराने एक फिटिंग ४५ अंशांची दिली. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींचे आटे एकच, त्यामुळे ती झोकात फिरत बसते, पूर्ण आवळली जाते, आणि मग ठिबकते.

ते ठिबकणं बघायला काका आले.

काका हात मागे बांधून उभे राहतात. या माणसांचे हात कायम मागेच असतात. 'जरा टॉर्च धरता का?' म्हटलं की पाठ दुखते, सल्ला देताना कुठलाच अवयव दुखत नाही.

"काय रे हे?"

"रेग्युलेटर, काका."

"गॅसचा?"

"पेट्रोलचा."

ते वाकले. नळीवरून त्यांची नजर टाकीकडून निघाली, पंप, फिल्टर करत इंजिनापर्यंत आली, रेलमधून, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांना ते वाटणाऱ्या नळीतून, पलीकडे गेली आणि रेग्युलेटरवर थांबली. तिथे त्यांचा चेहराच बदलला.

"हा इंजिनाच्या नंतर लावलास?"

"हो. तिथेच असतो."

"शेगडीच्या नंतर रेग्युलेटर लावलेला कुणी पाहिलाय?"

मी समजावलं. आत एक डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, असतो, त्याला स्प्रिंग दाबून धरते. रेलमधला दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की डायफ्रॅम उचलला जातो आणि जास्तीचं पेट्रोल खालच्या नळीतून टाकीत परत जातं. येणारं तो अडवत नाही, उरलेलं सोडतो.

"परत जातं?"

"हो."

"टाकीत?"

"टाकीत."

"मग आणलं कशाला?"

आता याला उत्तर आहे. गाडी जोरात पळताना जेवढं लागेल तेवढं देऊ शकेल असा पंप घ्यावा लागतो, आणि तो उभ्या गाडीतही त्याच वेगाने फिरतो. ते मी दिलंही.

"मग पंप लहान घ्यायचा."

"पळवताना पुरणार नाही, काका."

"पळवतोस कुठे? ती तर उभीच असते."

यावर उत्तर नव्हतं. जॅकवरच्या गाडीसमोर हा प्रश्न विचारणं मला अजूनही सभ्यपणाचं वाटत नाही.

खरी चीड वेगळीच आहे. काका म्हणतात तशी रचनाही असते. सी-फाइव्ह कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्‌स कारच्या फिल्टरमध्येच रेग्युलेटर असतो. तो टाकीजवळ बसवायचा, जास्तीचं पेट्रोल तिथूनच टाकीत वळतं आणि पुढे एकच नळी जाते. दाब ५८ वर ठरलेला. इंजिन बदलणारे कितीतरी लोक तोच वापरतात. पण त्याला मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमची नळी जोडता येत नाही, आणि मला ती हवी होती. यातलं एक अक्षरही मी काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खुर्ची घेऊन आले असते.

मी ४५ अंशांची फिटिंग काढली, ३७ ची हाताने फिरवून ठेवली आणि पाना आणायला वर गेलो. परत येऊन बघतो तर फिटिंग पुन्हा उघडलेली आणि तिच्यावर पांढरी टेप. नळाला लावतात ती. व्यवस्थित, ताणून, शेवट अंगठ्याने दाबून बसवलेला. काका बाजूला उभे, टेपचं रीळ खिशात, हात मागे.

टेपचा एक धागा पुढच्या तिरक्या तोंडावर, नेमका जिथे कोन बसतो तिथे, लोंबत होता. तो तुकडा आत गेला आणि रेग्युलेटरच्या सीटमध्ये अडकला, तर झडप मिटत नाही आणि दाब धरत नाही. मग काय बिघडलंय ते शोधण्यात माणसाची जवानी जाते. मी टेप सोडवली. नखाने आट्यांच्या खाचा कोरल्या, कापडाने पुसल्या, टॉर्च दातांत धरून आत पाहिलं. नळीवरच्या स्टीलच्या जाळीची एक तार तेवढ्यात बोटात शिरली, ती वेगळीच. मग फिटिंग आवळली आणि पंप लावला. सगळं कोरडं. एक थेंब नाही.

"बघ," काका म्हणाले. "टेप लावल्यावर थांबलं की नाही?"

"काका, टेप काढली मी. तुमच्यासमोर काढली."

"थोडी राहिली असेल."

बस. ही एवढी ओळ ऐकून बाल्कनीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या, आणि संध्याकाळपर्यंत बातमी झाली. ३७ आणि ४५ अंशांची गोष्ट बाल्कनीपर्यंत ओरडून सांगता येत नाही. टेप येते.

दाब लावतानाही ते होतेच. इंजिन चालू ठेवायचं, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, लॉकनट सैल करून वरचा स्क्रू फिरवायचा. काटा ४३.५ वर आणला. "पाच-दहा इकडेतिकडे चालतं," काका. नाही चालत. ४३.५ चे ५८ झाले तर तोच इंजेक्टर तेवढ्याच वेळात साधारण १५ टक्के जास्त पेट्रोल सोडतो. मग नळी परत लावली तसा काटा ३५ च्या आसपास उतरला.

"गेला दाब!"

"जायलाच हवा. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आहे, तो इंजेक्टरच्या तोंडाशी पेट्रोल ओढतो. जेवढी ओढ तेवढा दाब रेग्युलेटर कमी करतो, म्हणजे इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक तेवढाच राहतो."

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ॲव्हरेज किती देईल?"

थोड्या वेळाने इंजिन तापलं आणि काटा हळूहळू आणखी खाली सरकू लागला. आता मात्र माझ्या पोटात गोळा आला. पंप? फिल्टर? काकांनी गेजच्या काचेवर टिचकी मारली. "हा तापलाय नुसता. आत वाफ धरली असेल. जरा हवा दे त्याला." आणि जेवायला निघून गेले.

गेज द्रवाने भरलेला होता. असा गेज तापला की डबीत कोंडलेला दाब वाढतो आणि काटा खरा दाब असेल त्यापेक्षा कमी दाखवतो. त्यासाठीच डबीच्या वर रबराचं बारीक बूच असतं. काका जिना चढून गेल्याची खात्री करून मी ते उचकटलं. फुस्स झालं आणि काटा जागेवर आला.

तेव्हा बाल्कनीत कुणी नव्हतं. आणि मी सांगणार नाही.