रिकामी जागा

कालपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

तीस वर्षं वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात काढली, त्यातली शेवटची दहा व्यवस्थापक म्हणून. निवृत्तीनंतर ब्रश धरला आणि काल एका समूह प्रदर्शनात माझी तीन चित्रं लागली. पार्श्वभूमी एवढीच.

मधल्या चित्रात डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक राखाडी खुर्ची आहे. बाकी सगळं पांढरं. ते पांढरं साधायला मला चार महिने लागले. त्याच्यापुढे एक गृहस्थ थबकले. आमचे जुने जाहिरातदार! हळहळून म्हणाले, "साहेब, ही वरची जागा गेली नाही वाटतं?"

"कुठली?"

"ही काय! बुकिंग आयत्या वेळी रद्द झालं का?"

मी म्हटलं, ती मुद्दाम मोकळी ठेवलीय. उठून गेलेल्या माणसाचं नसणं, वगैरे.

"म्हणजे जागा भरायला फिलरसुद्धा मिळाला नाही!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग वितीनं चित्र मोजायला लागले. मी "हात लावू नका" म्हणेपर्यंत खुर्चीपाशी पोचले होते. "आठ कॉलमचं पान धरलं तर ही दोन कॉलमसुद्धा भरत नाही. तुम्हीच सांगायचात ना, उजवं पान, वरची बाजू, नजर आधी तिथं जाते? आणि स्वतःचा माल नेमका डावीकडे, तळाला? तिथली जागा तर तुम्ही आम्हाला सूट देऊन गळ्यात मारायचात!"

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

फ्रेंच चित्रकार आंरी रूसो पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होता. 1893 मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, नोकरी सोडून तो पूर्णवेळ चित्रांकडे वळला. पुढं वाघ रंगवले, जंगलं रंगवली, पण 'कस्टमवाला' ही उपाधी काही सुटली नाही. गंमत म्हणजे कस्टम अधिकारी तो कधी नव्हताच, साधा जकात कारकून होता. म्हणजे चिकटवलेला हुद्दासुद्धा चुकीचा! माझा निदान बरोबर आहे, हे समाधान मानायचं की काय?

शेजारच्या भिंतीवर सव्वीस वर्षांच्या एका मुलाचं चित्र होतं. तेही पांढरं. त्याच्यापुढे लोक कुजबुजत होते, "काय मौन आहे!" माझ्याकडे वळून तेच लोक म्हणत, "वा, वेळ छान जातो तुमचा." वेळ जातो? चार महिने त्या पांढऱ्यात मी निळा किती, पिवळा किती, यावर रात्री जागवल्यात हो. सव्विशीत केलं की प्रयोग, साठी उलटली की विरंगुळा. हे कुणी ठरवलं?

असो. गृहस्थांनी किंमत विचारली. मी सांगितली.

"आणि तिन्ही घेतली तर?"

इथं मी बाणेदारपणे गप्प बसायला हवं होतं. पण तोंडाला तीस वर्षांची सवय. "तिन्ही घेतलीत तर चौथं निम्म्या दरात," मी म्हणून गेलो.

"कळवतो," ते म्हणाले आणि चहाच्या टेबलाकडे गेले.

जाहिरातदाराच्या 'कळवतो'चा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक असेल? शिवाय चौथं चित्र मी काढलेलंच नाही. तरी काल रात्री कॅनव्हास ताणून ठेवलाय. खुर्ची या वेळी उजवीकडे, वर घेणार आहे.