‘आईबाप कडक, म्हणूनच कलावंत घडला’ : या मजकुराला माझं उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: लहान वयात स्टेजवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरांच्या आईबापांना हल्ली लोक नावं ठेवतात, पण कडक शिस्तीशिवाय कलावंत घडत नाही, आपल्याच मातीतले कुमार गंधर्व बघा. पोराला आवडतं म्हणूनच ते गातं. पैसा आईबापांनी घातला, तेव्हा कमाईही त्यांचीच. घरच्या गोष्टीत कायद्याचं काय काम? सीमाभागात तर ही पोरंच मराठी जिवंत ठेवतात, त्यामुळे बोट दाखवणारा मराठीचा वैरी. आणि शेवटी, मोठी झाल्यावर हीच पोरं आईबापांच्या पाया पडतात.

मी खानापूर तालुक्यात वाढले. आठव्या वर्षापासून दहावीपर्यंत आप्पांबरोबर गणपतीच्या मांडवांत आणि शिवजयंतीच्या कार्यक्रमांत पोवाडे गायले. आप्पा डफावर, मागे साथीला सूर ओढणारे दोन झीलकरी, पुढे फेटा बांधलेली मी. हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला, आणि तिघांनाही मी काय म्हणते ते ऐकायचं नव्हतं. म्हणून इथे एकेक मुद्दा घेते.

आधी कुमार गंधर्व, कारण त्यांच्या नावापुढे आपल्याकडे माणूस गप्पच होतो. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचं मूळ नाव. जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. सहा-सात वर्षांचं हे पोर मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवायचं. ‘कुमार गंधर्व’ हे नाव एका मठाच्या स्वामींनी दिलं तेही त्याच वयात. वडील स्वतः गाणारे. ते मुलाला घेऊन जलशांना फिरले. इथवर मजकुरात आलेलं खरं आहे. पुढचं मात्र त्यात नाही. अकरा-बारा वर्षांचे असताना ते मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला गेले आणि त्यानंतरची दहा-अकरा वर्षं त्यांचं शिक्षण तिथं झालं. ज्या कुमारांना आपण आज ऐकतो, ते नक्कल करणारं सात वर्षांचं पोर नव्हे. ते घडले वडिलांच्या जलशांपासून लांब, प्रश्न विचारू देणाऱ्या गुरूपाशी. त्यांच्या नावानं कुणाचा धाक खरा ठरवायचा असेल, तर निदान ही वर्षं तरी झाकून ठेवू नयेत.

शेजारच्या गदग भागातले भीमसेन जोशी तर अकराव्या वर्षी, 1933 साली, गुरूच्या शोधात घरातून पळून गेले. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. लता मंगेशकरांचं नावही या मजकुरात आहे. दीनानाथ 1942 साली गेले तेव्हा त्या जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या होत्या, घर चालवायचं म्हणून चित्रपटात कामं केली, आणि अभिनय आपल्याला कधी आवडला नाही हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. तिघांची तीन तऱ्हा: एक शिकायला दूर गेला, एक पळाला, एक पोरकी झाली. यातून ‘बापाचा धाक पाहिजे’ हा निष्कर्ष कसा निघतो, मला कळत नाही. शिवाय या नावांमागे असलेली हजारो पोरं कोण मोजतो? ज्यांचा आवाज बाराव्या वर्षी बसला आणि नंतर कुणी बोलावलंच नाही, त्यांच्यावर मजकूर लिहिले जात नाहीत.

आवाज बसणं ही काही बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही. पोवाडा वरच्या पट्टीत, ताणून, माईक बरा नसला तर ओरडूनच म्हटला जातो. लहान पोराच्या स्वरतंतूंवर असा ताण रोज पडला की त्यांवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो. त्याला पहिला उपाय म्हणजे आवाजाला विश्रांती आणि तो नीट वापरायला शिकवणं. मुलग्यांचा आवाज फुटायच्या वयात तर आणखीच जपावं लागतं. आमच्या घरी उपाय होता ज्येष्ठमध, खडीसाखर आणि ‘काय होत नाही, गरम पाणी पी अन् उभी राहा.’ गणपतीच्या दिवसांत सलग रात्री असायच्या. नवव्या-दहाव्या रात्री माझा आवाज फाटायचा, आणि लोक म्हणायचे, पोरीच्या आवाजात काय धार आहे!

‘पोराला आवडतं म्हणूनच ते गातं.’ हो, मला आवडायचं. हे मी ठणकावून सांगते, कारण ‘मग तक्रार कशाची’ असं लगेच विचारलं जातं. टाळ्या आवडायच्या. निवेदकानं माझं नाव घेऊन ‘अमुक यांच्याकडून शंभर रुपयांचं बक्षीस’ पुकारलं की अंगावर काटा यायचा. पण आवडणं वेगळं आणि ‘आज नको’ म्हणता येणं वेगळं. आमच्या घरात ‘नको’ला उत्तर मारानं मिळत नसे, आप्पा बोलणं बंद करायचे. जेवायला बसले की ताट सरकवायचे. आई मग माझ्याकडे बघायची, आणि मी फेटा बांधायला बसायचे. आठ वर्षांच्या पोरीला घरातली शांतता मोडायला जे करावं लागतं ते तिनं केलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. बापाचं प्रेम आपल्या गाण्यावर अवलंबून आहे असं पोराला एकदा वाटलं, की ते हसतमुखानं काहीही करतं. स्टेजवरचं हसू पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांनी मांडवामागे एकदा येऊन बघावं.

पैशाचा मुद्दा जुना आहे, आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. अमेरिकेत जॅकी कूगन हा पोरगा 1921 साली चार्ली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आला आणि जगभर गाजला. लाखो डॉलर कमावले. एकवीस वर्षांचा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र बापानं जवळजवळ सगळं उडवलंय. तिथल्या तेव्हाच्या कायद्यानं अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांचीच होती. त्यानं 1938 साली दावा लावला. हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. त्या गाजावाजातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियानं बालकलाकारांच्या कमाईसाठी कायदा केला. आपल्याकडे मीनाकुमारी अगदी लहान असतानाच चित्रपटांत कामाला लागली आणि घर तिच्या कमाईवर चालू लागलं. शाळेत जायची तिची इच्छा तशीच राहिली. आईबापांनी पैसा घातला हे खरं. तो शाळेच्या फीलाही घालतात. म्हणून पदवीवर बापाचं नाव येत नाही. आमच्या कार्यक्रमांची बिदागी पाकिटातून आप्पांच्या खिशात जायची. त्यातून घराला पत्रे आले, भावाची मोटारसायकल आली. मला राग पत्र्यांचा नाही. पाकिटात किती होते, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

कायद्याचं काय काम, असं विचारणाऱ्यांना कायदा आहे हेच माहीत नसतं. 1986 चा बालकामगार कायदा 2016 साली बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी झाली; चित्रपट, मालिका, जाहिराती आणि तत्सम करमणुकीतल्या कलाकारांना सूट मिळाली, पण शाळेला धक्का लागू नये या अटीवर. 2017 च्या नियमांत पुढचं आहे: दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांहून जास्त सलग नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. जिथं कार्यक्रम आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, म्हणजे आपल्याकडे डीसी ऑफिसची. कमाईतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करायचं नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे.

आता गोष्ट मोबाईलवर गेलीय. बापच कॅमेरा धरतो, बापच चॅनल चालवतो, पोरगी रोज रील करते. तिथं निर्माता म्हणून परवानगी मागायला कोण जाणार? फ्रान्सनं 2020 साली अशा मुलांसाठी कायदा केला. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 2024 पासून व्हिडिओत झळकणाऱ्या मुलांचा पैसा बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे ही चर्चासुद्धा नीट सुरू झालेली नाही. आणि ‘घरचं माणूस बरोबर असतं, मग भीती कशाची’ असं म्हणणाऱ्यांनी डेझी इराणी काय म्हणाल्या ते वाचावं. एके काळच्या या लाडक्या बालनटीनं 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की सहाव्या वर्षी बाहेरगावच्या चित्रीकरणाला पालक म्हणून बरोबर गेलेल्या माणसानंच तिच्यावर अत्याचार केला होता.

आता तो मुद्दा, जो फक्त आपल्याकडे चालतो आणि ज्याच्यापुढे चांगली माणसं माना खाली घालतात: मराठीचा.

सीमाप्रश्न 1956 पासूनचा. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीसारख्या गावांनी स्वतःच्या खिशातून साहित्य संमेलनं भरवली, ग्रंथदिंड्या काढल्या, त्याचा मला अभिमान आहे. मीही त्याच मांडवांत वाढले. म्हणूनच सांगते, मराठी म्हटलं की आमच्या गावात पोराच्या बापाला काही विचारायची सोय उरत नाही. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी, एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या वर्षी, आप्पांना सांगून पाहिलं की फेब्रुवारीत कार्यक्रम घेऊ नका, मार्चमध्ये परीक्षा आहे. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्याआधी तारखेची शिवजयंती. आप्पांनी चारचौघांत विचारलं, ‘बाई, तुम्हाला मराठी नको झालीय का?’ बाई स्वतः मराठी शाळेत जन्म घालवलेल्या. त्या परत काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी मी गणितात नापास झाले आणि पुरवणी परीक्षेला बसले, हे गावात कुणाच्या लक्षातही नाही. मराठी भाषा दिनाच्या पोवाड्याची आठवण मात्र अजून लोक काढतात.

बेळगावच्या वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला लांबून लोक येतात. सजीव देखाव्यात बालशिवाजी म्हणून उभं केलेलं पोर अर्ध्या रात्री डोळे मिटत असतं, आणि खालून कुणीतरी ‘ए, जागा राहा’ म्हणून ओरडतं. साठ-सत्तर वर्षं मोठ्यांना, पुढाऱ्यांना, वकिलांना जे सुटलं नाही, ते नऊ वर्षांच्या पोराच्या गळ्यावर आणि झोपेवर टाकायचं, आणि त्याला भाषेची सेवा म्हणायचं? पोरं मराठीत भांडू देत, खेळू देत, गोष्टी वाचू देत. त्यातनं भाषा टिकते. माझ्याबरोबर गाणारी एक मैत्रीण आज मराठी कार्यक्रमांकडे फिरकत नाही. मराठीचा तिला राग नाही. फेटा दिसला की तिला मळमळतं.

राहिला पाया पडण्याचा मुद्दा. मी पडते. दसऱ्याला, पाडव्याला, आप्पांच्या पाया पडते, त्यांना दवाखान्यात नेते, त्यांचा डफ कपड्यात गुंडाळून ठेवते. त्यांनी मला ताल दिला हे खरं आणि माझं बालपण त्यांनी वापरलं हेही खरं. माझ्या नमस्काराचा आधार घेऊन दुसऱ्या कुणा बापानं आपल्या लेकीला उभं करू नये.

हा मजकूर पुढे ढकलण्याआधी मंडळांच्या आणि संमेलनांच्या संयोजकांनी काही गोष्टी ठरवल्या तर बरं होईल. लहान पोरांचा कार्यक्रम संध्याकाळी आधी घ्या, रात्री दहानंतर नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीच्या पोरांना बोलावूच नका. पाकीट बापाच्या हातात देऊ नका. पोराच्या नावाचं बँक खातं मागा आणि त्यात भरा. आणि स्टेजवर जाण्याआधी, आईबाप जवळ नसताना, मंडळातल्या एखाद्या ताईनं पोराला विचारावं: आज गायचंय का? ‘नको’ म्हणालं, तर निवेदकानं पुढचं नाव पुकारावं आणि बापानं काही म्हटलं तर मंडळानं ते अंगावर घ्यावं.