हार्नेस घातला की कुत्रा जास्त ओढतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओढणाऱ्या कुत्र्यासाठी पट्टा कसा निवडावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, मुळात ओझं ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी असतो, त्यामुळे तो घातला की कुत्रा आणखी जोर लावतो. तुमचा लॅब्रडॉर चोक चेनने, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीने, आठवड्याभरात सरळ झाला. आणि माझ्यासारखे लोक हळुवार पट्ट्यांचा आग्रह धरताना, घरातल्या वयस्कर बाईने चाळीस किलोचा कुत्रा आवरायचा कसा याचा विचार करत नाहीत. आक्षेप मनापासून घेतलेले आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. 2021 मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या लीशला, म्हणजे हातात धरायच्या दोरीला, ताण मोजायचं उपकरण लावून पाहिलं. तेच कुत्रे गळपट्ट्यापेक्षा हार्नेसमध्ये जास्त जोराने ओढत होते. तो हार्नेस पाठीवर कडी असलेला होता. पाठीवरून लीश लावली की ताण कुत्र्याच्या चालीच्या रेषेतच पडतो, छातीवर सगळीकडे पसरतो, आणि चारही पायांचा जोर लावायला त्याला काहीच आडवं येत नाही. नुसता असा हार्नेस आणून ओढणं थांबेल असं कोणी सांगत असेल, तर तुमचा राग बरोबर आहे.

पण गळपट्ट्यात तोच कुत्रा कमी का ओढतो, हेही बघायला हवं. सगळा भार गळ्यावर येतो. तिथे श्वासनलिका आहे, स्वरयंत्र आहे, थायरॉइड आहे, डोक्याकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. 2006 मधल्या एका अभ्यासात ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळपट्ट्याने तो वाढला, हार्नेसने वाढला नाही. काचबिंदू असलेल्या कुत्र्याला याचा थेट धोका. 2020 मध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात कृत्रिम मानेवर वेगवेगळे गळपट्टे ताणून पाहिले, आणि इजेचा धोका नाही असं म्हणावं इतका कमी दाब एकाही प्रकारात मिळाला नाही. मऊ अस्तराचे पट्टेही त्यात होते. त्यामुळे नावाचा बिल्ला अडकवायला गळपट्टा जरूर असावा, पण जो कुत्रा अजून ओढतो त्याची लीश तिथे लावू नये. पगसारखे चपट्या नाकाचे आणि अगदी लहान चणीचे कुत्रे असतील तर मुळीच नको.

मी सुचवलेला हार्नेस छातीवर कडी असलेला आहे. कुत्रा पुढे झेपावला की लीश त्याच्या छातीला बाजूला वळवते आणि त्याचं अंग तुमच्याकडे फिरतं. जोर लावायची सरळ रेषाच मोडते. त्यासाठी कुठे दुखावं लागत नाही. मात्र माप चुकलं तर हाही त्रास देतो. समोरून पाहिलं की पट्टे इंग्रजी वाय अक्षरासारखे छातीच्या हाडावर यावेत. खांद्यांवरून आडवा जाणारा पट्टा पुढचा पाय पूर्ण टाकू देत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. पोटाचा पट्टा कोपराच्या मागे थोडं अंतर सोडून बसावा. फिरून आल्यावर काखेत हात घालून बघा. केस विरळ झालेले किंवा कातडी गुलाबी दिसली तर पट्टा घासतोय. ओढलं की काखेत आवळणाऱ्या दोऱ्यांचे 'नो-पुल' हार्नेस मिळतात, ते मी घेणार नाही. ते चालतात ते दुखतं म्हणूनच. चांगल्या हार्नेसमुळेही खांद्याची हालचाल थोडी कमी होतेच, म्हणून घरी आल्यावर काढून ठेवायचा.

आता चोक चेन. तुमचा कुत्रा ओढायचा थांबला यावर माझा विश्वास आहे. पुढे गेलं की गळा आवळतो, हे कुत्रा लवकर शिकतो. माझी काळजी वेगळी आहे. हिसका बसतो त्या क्षणी कुत्रा बघत असतो समोरच्या कुत्र्याकडे, सायकलकडे, धावणाऱ्या मुलाकडे. दुखण्याचा संबंध तो आपल्या ओढण्याशीच जोडेल याची खात्री कोण देणार? दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं तर काही महिन्यांनी तो लांबूनच गुरगुरायला लागतो आणि घरचे म्हणतात, अचानक तापट झाला. प्राणिवर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 च्या निवेदनात सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित शिकवणच वापरा, असं स्पष्ट म्हटलं आहे. खाऊ देऊन कुत्रा लाडावतो, या तुमच्या वाक्याचं उत्तर त्यातच आलं.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा चाळीस किलोचा. कुत्रा शिकेपर्यंत माणूस पडता कामा नये, हे मला पूर्ण मान्य आहे. अशा घरासाठी दोन्ही टोकांना हुक असलेली लीश घ्या: एक हुक छातीच्या कडीत, दुसरा पाठीच्या. एक कडी सुटली किंवा तुटली तरी दुसरी असते. लांबी दीड ते दोन मीटर, रुंदी साधारण अडीच सेंटिमीटर. साधं नायलॉन सरकलं की तळहात भाजतो, म्हणून चामडं, जाड सुती पट्टी किंवा बायोथेन (प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी) बरं. मनगटाला वेढे देऊन लीश धरू नका. कुत्रा झेपावला तर हात सोडवता येत नाही आणि हाड मोडू शकतं. आपोआप गुंडाळणारी लीश अशा कुत्र्याला नकोच. तिची स्प्रिंग सतत ताणलेली असते, आणि ओढलं की दोरी मिळते हाच धडा ती रोज देते. तिच्या बारीक दोरीने बोटं कापली गेल्याचीही उदाहरणं आहेत.

तरीही आवरत नसेल तर तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर आहे. त्याने कमी ताकदीत मोठा कुत्रा वळवता येतो. पण तो एकदम चढवायचा नाही. आधी नाकाच्या फासातून खाऊ द्यायचा, मग क्षणभर घालून काढायचा, असं काही दिवस. त्याला हिसका कधीच द्यायचा नाही, मान मुरगळते. लांब दोरीही लावायची नाही. आणि दुसरा हुक हार्नेसमध्ये राहू द्यायचा.

हे सगळं फक्त वेळ मिळवून देतं. शिकवण वेगळी, आणि तिच्यात मी हुककडे बघायला सांगते. हुक कडीतून सरळ खाली लोंबतोय तोवर चालत राहायचं. तो आडवा झाला की उभं राहायचं, ओढायचं नाही, बोलायचं नाही. कुत्रा मागे वळून बघतो किंवा अंग सैल सोडतो, हुक पुन्हा लोंबतो, त्याच क्षणी पाऊल टाकायचं. मांडीशेजारी आला की खाऊ तिथेच, तुमच्या पायाजवळ द्यायचा, पुढे हात करून नाही. झाडाशी हुंगायला जायचंय? सैल लीशवर चालत गेला तर तेच बक्षीस. हे रटाळ आहे, पहिल्या फेऱ्यांत कोपऱ्यापर्यंतही पोचणार नाही. घरातल्या एकानेही घाईत ओढू दिलं की कुत्रा पुढच्या वेळी आणखी चिकाटीने ओढतो, कारण कधीतरी जमतं हे त्याला कळलेलं असतं. घाई असेल त्या दिवशी लीश पाठीच्या कडीत लावा आणि छातीची कडी फक्त शिकवण्यासाठी ठेवा. कुत्रा हा फरक ओळखतो.

तुमच्या लॅब्रडॉरची चेन आज काढाल तेव्हा मानेभोवती बोटं फिरवून बघा. केस तुटलेत का, कुठे दाबलं की तो मान चुकवतो का, फिरताना खोकतो का. यातलं काही असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. नसेल तर त्याचं वय आणि तो नेमकं काय दिसल्यावर झेपावतो ते इथेच लिहा. छातीच्या कडीवर आणताना सुरुवात कुठून करायची, ते त्यावरून सांगते.