सेफ्टी लावली म्हणजे सीअर धरतोच असं नाही

नमस्कार मालक,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रायफलच्या ट्रिगरची ओढ, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, 1.3 किलोच्या खाली नेऊ नका हा माझा सल्ला घाबरटपणाचा आहे. मागचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतल्यावर तुमचा तीन स्क्रूंचा ट्रिगर एकदम हलका झाला. सेफ्टी आहे तर भीती कशाची. आणि ‘परवानाधारक गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या’ असं सारखं लिहून मी माहिती लपवतो.

आधी स्क्रूचं बोलू, कारण ते आजच्या आज करायचं काम आहे. पुढचं वाचून, तपासून होईपर्यंत ती रायफल कृपया भरू नका.

तुम्ही फिरवलात तो ओढीचा स्क्रूच नव्हे. या जुन्या पद्धतीच्या ट्रिगरमध्ये पुढचा खालचा स्क्रू स्प्रिंग दाबतो, ओढ त्याच्यावर ठरते. पुढचा वरचा स्क्रू सीअर (ताणलेली फायरिंग पिन अडवून धरणारा तुकडा) सुटल्यानंतर ट्रिगर आणखी किती मागे जाईल ते ठरवतो. मागचा स्क्रू मात्र सीअर ट्रिगरच्या कडेवर किती टेकणार ते ठरवतो. ही पकड साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर असावी लागते. एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू 0.6 मिलिमीटर सरकतो असं धरलं तर अर्ध्या फेऱ्यात 0.3 मिलिमीटर गेले, उरले जेमतेम 0.15. ग्रॅममध्ये ओढ फारशी उतरलेली नसणार. सुटण्याआधीची घसट गेली, म्हणून बोटाला हलकं लागतंय. खात्री करायची तर डिजिटल ताणकाटा ट्रिगरच्या मध्यावर अडकवून दहा वेळा मोजा. दहांतला फरक 150 ग्रॅमच्या वर गेला तर आत घाण आहे किंवा कड झिजली आहे. अशा ट्रिगरला स्क्रूने काही होत नाही.

आता सेफ्टी. या रचनेत सेफ्टी ट्रिगर अडवत नाही, ती सीअरला वर उचलून धरते. सेफ्टी काढली की सीअर पुन्हा खाली बसतो आणि त्या क्षणी ट्रिगरची कड त्याच्याखाली असावीच लागते. सेफ्टी लावलेली असताना ट्रिगर चुकून ओढला गेला आणि तो पूर्ण परतला नाही, तर सेफ्टी काढताच गोळी सुटते, बोट ट्रिगरवर नसतानासुद्धा. न परतण्याची कारणं दोन: स्प्रिंग फार सैल केलेली, नाहीतर आत चिकट तेल. आपल्याकडे खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सर्रास घालतात. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे सोलापुरातल्या डिसेंबरच्या सकाळी ते घट्टच असतं. आणि उन्हाळ्यातली धूळ कुठल्याही तेलात बसून चिखल होतो. ट्रिगरची पेटी लायटर फ्ल्युइडने धुवून कोरडीच ठेवायची. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्याला लावायचा गोंदही थेंबभरच. 2014 साली रेमिंग्टन या अमेरिकी बंदूक कंपनीने एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत बोलावल्या, त्याचं कारण जोडणीत जास्त लागलेला चिकट पदार्थ हेच होतं.

तपासणी अशी करा. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे हे पाहा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी भक्कम भिंतीकडे. बोल्ट बंद, सेफ्टी लावा. ट्रिगर तीन किलोच्या जोराने ओढा, सोडा, आणि मग बोट लांब ठेवून सेफ्टी काढा. ‘टक’ आवाज आला तर रायफल नापास. मग दहा वेळा बोल्ट जोरात बंद करा आणि मागे कॉकिंग पीसवर, म्हणजे फायरिंग पिनच्या मागच्या टोकावर, नजर ठेवा; तो एकदाही बोल्टबरोबर पुढे गेला तर पकड कमी आहे. शेवटी सेफ्टी काढून, दस्ता खाली करून, 30 सेंटिमीटरवरून जाड रबरी मॅटवर आपटा. तुमच्या रायफलीचा सीअर या धक्क्याने सुटेल, म्हणजे ती नापास होईल, असा माझा अंदाज आहे.

आणि लपवण्याबद्दल: आर्म्स ॲक्ट 1959 प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीही परवान्याचंच काम आहे. मालकाने तपासावं, मोजावं, आणि गनस्मिथला नेमकं सांगावं: पकड 0.45 मिलिमीटर, ओढ 1.4 किलो, सीअर सुटल्यानंतरची ट्रिगरची चाल सीअर पूर्ण मोकळा होण्यापेक्षा स्क्रूच्या पाव फेऱ्याने जास्त, आणि वरच्या तिन्ही तपासण्या माझ्यासमोर. 1.3 किलोचा आकडा मी मैदानात वापरायच्या रायफलीसाठी दिला आहे, तिथे घामेजलेलं बोट असतं, धाप लागलेली असते. टेबलावर टेकवून मारायच्या रायफलीचा हिशेब वेगळा, तिथे तुमच्याशी वाद नाही.

तुम्ही भावाच्या .315 बोअरच्या रायफलीचंही विचारलं आहे. इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या त्या रायफलीत ट्रिगर जुळवायचे स्क्रू शोधू नका, नाहीतच. तिचा ट्रिगर गार्डमध्ये बसवलेला असतो आणि सीअर वर बॉडीत, मध्ये लाकूड. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसलं, गार्डचा पुढचा स्क्रू ढिला पडला, की ओढीच्या दोन टप्प्यांतला पहिला लांबतो किंवा दुसरा कळेनासा होतो. आधी तो स्क्रू पाहा आणि वरच्या तपासण्या तिच्यावरही करा. ट्रिगरच्या दोन उंचवट्यांना किंवा सीअरला कानस कुणालाही लावू देऊ नका: कडक थर पातळ असतो, तो गेला की खालचं मऊ लोखंड झिजत जातं आणि आज बरोबर वाटलेली ओढ पुढच्या हंगामात राहत नाही.