ग्रीन बँक एका ओळीत का उरकलंत?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या पोकाहाँटस काउंटीवरचा तुमचा लेख आवडला, पण तिथल्याबद्दल लिहायचं आणि कॅसची आगगाडी अन् स्नोशूचं स्कीइंग यांतच सगळी जागा घालवून ग्रीन बँक गावची रेडिओ-दुर्बीण एका ओळीत उरकायची, हे काही पटलं नाही. आम्ही मागच्या ऑक्टोबरात व्हर्जिनियाहून गाडीनं गेलो होतो. घाट चढताना फोनचा सिग्नल गेला तो गेलाच. १९५८पासून हा सगळा टापू रेडिओ-शांतता क्षेत्रात आहे, म्हणजे इथे रेडिओलहरी सोडण्यावर निर्बंध आहेत. ग्रीन बँकची १०० मीटरची दुर्बीण आकाशातून येणाऱ्या इतक्या क्षीण रेडिओलहरी ऐकत असते, की आपल्या मोबाइलची कुजबुज म्हणजे तिच्या कानाशी ढोल-ताशाच! तिच्याजवळ डिजिटल कॅमेरासुद्धा नेऊ देत नाहीत, आणि पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीचाही गोंगाट नको म्हणून डिझेलच्या बसमधून फिरवतात. मला नारायणगावजवळचं आपलं खोडद आठवलं, तिथेही अशाच रेडिओ-दुर्बिणी आहेत. मुलांनी आधी तोंडं वाकडी केली, मग अंगणात गोट्या खेळल्यासारखी दोन दिवस नदीकाठी दगड वेचत बसली.

कॅसची गाडी छानच. लाकूड वाहायला बनवलेलं गियरचं, ‘शे’ नावाच्या जातीचं वाफेचं इंजिन धापा टाकत चढतं ते बघावंच. पण ग्रीनब्रायर नदीकाठचा ७८ मैलांचा सायकलमार्ग त्याहून सरस. जुन्या रेल्वेमार्गावरच केलाय, त्यामुळे चढ जवळपास नाहीच. माझ्या गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही.

जाणाऱ्यांनी छापील नकाशा घ्या, पेट्रोल तिथल्या मार्लिंटन गावात भरा. आणि शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर असू द्या, नाहीतर तिन्ही त्रिकाळ फ्रेंच फ्राइज.