‘२१ दिवसांत दोन शेड उजळ’: हा मेसेज कुठल्याही मुलीला पाठवू नका

लग्नसराई जवळ आली की नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘लग्न ठरलेल्या मुलींसाठी खास, २१ दिवसांत दोन शेड उजळ’. गेल्या आठवड्यात तो माझ्या भाचीला तिच्या सख्ख्या आत्यानं पाठवला, खाली ‘नक्की करून बघ गं’ असं लिहून. भाची १९ वर्षांची आहे आणि तिचं लग्न ठरलेलंही नाही. म्हणून हे उत्तर. ज्यांच्याकडे तो मेसेज पोचलाय त्यांच्यापर्यंत हेही पोचवा.

मेसेजमध्ये सहा दावे आहेत. सावळेपणा म्हणजे कातडीत साचलेला मळ. लिंबू आणि खायचा सोडा चोळला की तो निघतो. मेडिकलमधून दोन मलमं आणून कोरफडीच्या जेलमध्ये कालवायची आणि रोज रात्री लावायची. ती मिळाली नाहीत तर पार्लरमधली तयार डबीही चालेल. ग्लुटाथिओनचं इंजेक्शन घेतलं तर फरक आणखी लवकर. गरोदरपणात केशराचं दूध प्यायलं तर बाळ गोरं होतं. आणि शेवटी: ‘जाहिरातींना उगाच नावं ठेवू नका, गोरेपणानं मुलींचा आत्मविश्वास वाढतो.’

आधी तिसरा दावा घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानं होतं.

मेसेजमधल्या दोन मलमांपैकी एक बेटामेथासोनचं आहे. दुसऱ्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकत्र आहेत. बेटामेथासोन आणि मोमेटासोन ही दोन्ही स्टेरॉइडं, म्हणजे सूज आणि लाली दडपणारी औषधं. पहिलं मलम इसब, सोरायसिस अशा आजारांसाठी असतं. दुसरं वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर देतात, तेही काही आठवड्यांपुरतं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. निरोगी चेहऱ्यावर ‘रोज रात्री’ लावण्यासाठी यांतलं एकही नाही.

‘पण माझ्या मुलीला फरक पडला’ असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत. स्टेरॉइडनं त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, पुटकुळ्यांची सूज बसते, रंगद्रव्य तयार होण्याचा वेगही मंदावतो. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा गुळगुळीत आणि फिकट दिसतो. २१ दिवसांचा हिशेब नेमका या काळात बसतो. हळदीच्या दिवशी सगळे ‘काय तेज आलंय’ म्हणतात, फोटो छान येतात आणि कृती पुढच्या ग्रुपवर जाते. त्यानंतर काय होतं ते कोणी मेसेजमध्ये लिहीत नाही.

त्यानंतर त्वचा पातळ होते. गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, कधीच नव्हत्या इतक्या पुटकुळ्या येतात, हनुवटीवर आणि गालांवर लव दाट होते. मुलगी घाबरून मलम बंद करते, तर आठवड्याच्या आत चेहरा लालबुंद होतो आणि साधं पाणी लागलं तरी जळजळतो. पुन्हा लावलं की शांत होतो. म्हणून ती पुन्हा लावते, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव दिलंय: ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’. हायड्रोक्विनोन महिनोन्‌महिने लावत राहिलं तर काहींच्या गालांवर निळसर काळे डाग उमटतात, आणि ते घालवणं फार अवघड असतं. ज्या रंगापासून पळायचं होतं त्याहून गडद रंग पदरी येतो. ट्रेटिनॉइननं त्वचा सोलवटते आणि उन्हाला हळवी होते. ते गरोदरपणात लावायचं नसतं, आणि मेसेज तर नुकतं लग्न होणाऱ्या मुलींसाठी आहे.

डबीत कालवण्याची कृतीही चुकीची आहे. हायड्रोक्विनोनला हवा लागली की ते खराब होऊन तपकिरी पडतं. ‘डबीतलं मलम पिवळं-तपकिरी झालं तरी चालतं’ असं मेसेजमध्ये लिहिलंय. ते चालत नाही. जेलमध्ये कालवल्यावर कुठल्या बोटाला किती औषध आलं तेही कळायला मार्ग नाही. चेहरा आणि मान मिळून मलमाचं एका वेळचं माप प्रौढांसाठी साधारण सव्वा ग्रॅम धरतात. त्या हिशेबानं १५ ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपते, म्हणजे २१ दिवसांत जवळजवळ दोन ट्यूब. त्वचेच्या आजाराच्या रुग्णालाही डॉक्टर चेहऱ्यासाठी इतकं बेटामेथासोन सहसा देत नाहीत.

हे अपवादानं घडतं असं वाटत असेल तर एक अभ्यास पुरे. २०११ साली इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजीमध्ये देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली पाहणी छापून आली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावत होते. त्यांतले १२६ जण ते गोरं होण्यासाठी किंवा रोजची साधी क्रीम म्हणून वापरत होते. आणि २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. हा ‘कोणीतरी’ म्हणजे मैत्रीण, शेजारीण, पार्लरवाली, मेडिकलवाला. आता त्यात फॉरवर्ड करणारी आत्याही आली. २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टेरॉइडांच्या मलमांना असलेली चिठ्ठीशिवाय विक्रीची सूट काढून ती शेड्यूल एच या यादीत घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, तरीही ट्यूबचं नाव सांगितलं की ती सहज हातात पडते.

पार्लरमधल्या बिननावाच्या डबीत तर याहून वाईट असू शकतं: पारा. पारा रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो, आणि तो त्वचेतून रक्तात जातो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या गाळणीच्या एका आजाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या १५ जणांत या आजाराचा एक विशिष्ट, एरवी कमी दिसणारा प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्यातही एकाच घरातल्या मायलेकींना असाच त्रास झाला होता, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला. कायद्यानं साध्या क्रीममध्ये पाऱ्याचा अंश दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. अशी संशयास्पद डबी ओळखायच्या खुणा अशा: घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, किंवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना आहे. पारा सोन्याचांदीला चिकटतो, म्हणून ती सूचना असते. यादीत ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ ही पाऱ्याच्या क्षाराची नावं दिसली तर ती डबी कुणालाही देऊ नका.

मळाचा दावा तर दोन-तीन वाक्यांत संपतो. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या बनवतात त्या रंगद्रव्याच्या प्रकारात, प्रमाणात आणि कणांच्या आकारात असतो. तो घासून निघत नाही. मात्र इथे एका गोष्टीबद्दल बोलायलाच हवं, कारण मुलींना त्यावरून फार बोलणी खावी लागतात: मानेवर आणि काखेत येणारी जाडसर, मखमली काळपट कातडी. ‘मान नीट घासत नाहीस का’ असं चारचौघांत विचारलं जातं. ही खूण बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची असते, आणि पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या मुलींत ती बरीच दिसते. दगडानं, जाळीनं घासलं की घर्षणानं ती आणखी काळवंडते. त्या मुलीला साखरेची तपासणी लागते, घासणी नाही.

लिंबाच्या रसाची आम्लता त्वचेच्या कितीतरी पट असते, आणि खायचा सोडा उलट बाजूला, अल्कलीकडे. दोन्हींनी त्वचेचं संरक्षक आवरण बिघडतं. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे चट्टे उठतात, फोडही येतात, आणि आपल्यासारख्या त्वचेवर त्याचे डाग महिनोन्‌महिने राहतात.

ग्लुटाथिओनचं इंजेक्शन: आपल्याकडे त्वचा उजळण्यासाठी त्याला मान्यता नाही. फिलिपाइन्सच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. केशराचं दूध प्या, चव छान असते. बाळाचा रंग आईबापांच्या जनुकांतून येतो.

एक अर्धसत्य मात्र मान्य करते. उन्हानं रापलेला चेहरा मूळ रंगावर येऊ शकतो, आणि त्याला साधारण चार-सहा आठवडे लागतात, कारण वरची कातडी बदलायला तेवढा वेळ जातो. त्यासाठी एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधलं बोट भरून, चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी. चेहरा मूळ रंगावर येतो, त्याच्या पलीकडे जात नाही.

आता शेवटचा दावा. तो वाचून मला सर्वांत जास्त राग आला, कारण बाकीचे पाच दावे त्याच्याच जोरावर खपतात. ‘दोन शेड’ हे माप आलं कुठून? आपल्या आज्या निमगोरी, गव्हाळ, सावळी म्हणायच्या, ‘रंगानं जरा डावी, पण नाकीडोळी नीटस’ म्हणायच्या. तेही दुखवणारंच होतं. पण रंग पट्टीवर मोजून दर आठवड्याला पुढे सरकवायची कल्पना पाकिटांवरून आली. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. सावळी मुलगी नाकारली जाते, क्रीम लावते, मग तिला नोकरी किंवा नवरा मिळतो, ही गोष्ट पिढ्यांनी टीव्हीवर पाहिली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रारी लावून धरल्यावर २००३ मध्ये त्यांतल्या काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेनं २०१४ मध्ये नियम केला की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायचं नाही. शेडची ती पट्टी पाकिटावरून २०१९ मध्ये निघाली, नाव २०२० मध्ये बदललं. कंपनीनं सोडून दिलेलं माप आत्याच्या मेसेजमध्ये अजून शिल्लक आहे.

‘जाहिरातींचा, टीव्हीचा परिणाम होत नाही’ म्हणणाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांकडे पाहावं. तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ मध्ये आला. टीव्ही आल्या आल्या आणि पुन्हा तीन वर्षांनी शाळकरी मुलींची पाहणी झाली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. १९९८ मध्ये त्यांचं प्रमाण ११.३ टक्के झालं. मुली वेगळ्या होत्या आणि संख्या लहान होती, हे खरं. पण अंगानं भरलेली बाई चांगली दिसते असं मानणाऱ्या त्या समाजात हे घडलं.

आणि हो, गोरी मुलगी लवकर पसंत पडते, हे मी नाकारत नाही. बायोडाट्यात उंची, रास, गण, नाडी यांच्या जोडीला ‘वर्ण’, म्हणजे कातडीचा रंग, अशी ओळ अजून असते, आणि स्टुडिओवाला न विचारता फोटो उजळून देतो. मग मुलीचा आत्मविश्वास कमी असतो तो तिच्या कातडीमुळे नव्हे. पाहायला आलेले, नको म्हणून गेलेले आणि ‘जरा काहीतरी लाव’ म्हणणारे घरचे मिळून तो कमी करतात. ती ओळ बायोडाट्यातून काढायला एक मिनिट लागतं आणि ते काम आईबापांचं आहे. स्टुडिओवाल्याला ‘रंगाला हात लावू नका’ हेही त्यांनीच सांगायचं.

ज्या मुलीनं ती डबी सुरू केलीच आहे, तिनं घाबरू नये आणि लपवूही नये. डबी आणि दोन्ही ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे न्याव्यात. किती दिवस लावलं ते खरं सांगावं. पुष्कळ दिवस लावलं असेल तर डॉक्टर सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवतात. चेहरा मधे बिघडतो, पण तो टप्पा असतो. डबी बिननावाची असेल तर ती लगेच थांबवावी. सकाळी डोळ्यांखाली सूज, पावलांवर सूज किंवा लघवीला फेस दिसला तर त्याच दिवशी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यावी आणि क्रीमबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगावं. त्यांनी विचारलं नाही तरी.